बेटावर मुक्काम कुठे करावा

बेटावर सहकुटुंब जायचं ठरलं की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी खोल्यांचे फोटो पडायला लागतात. पांढऱ्याशुभ्र चादरी, त्यावर टॉवेलचे हंस, खिडकीतून दिसणारी निळी पट्टी. चांगली खोली कोणाला नको असते! पण मला विचाराल तर खोली सगळ्यांत शेवटी बघावी. आधी किनारा बघावा. तो कुठल्या दिशेला आहे, ओहोटीला तिथं काय उरतं, आणि आपल्यातलं सगळ्यांत सावकाश चालणारं माणूस पलंगावरून उठून पाण्यापर्यंत कसं पोचणार, हे एकदा कळलं की खोली आपोआप ठरते.

हे मी अंदमानबद्दल बोलतेय. आमच्या घरातून जाणारे होते आम्ही दोघं, दहावीला जाणारी लेक, दुसरीतला धाकटा, माझे सासरे आणि माझी आई. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, पहाटे उठून चालायला मोकळी जागा हवी होती. लेकीला मासे बघायचे होते, तेही पाण्याखाली डोकं घालून. धाकट्याला फक्त पाणी हवं होतं, कसलंही. आणि आईची एकच इच्छा होती, सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची. ती कोठडी सातव्या चाळीत सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. तिथं लिफ्ट नाही, आणि आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. त्यामुळे माझ्यापुरता एक नियम ठरून गेला: बाकी कुठल्याही मुक्कामात आईला जिना चढावा लागता कामा नये. तिच्या गुडघ्यांत जे काही बळ आहे ते त्या एका जिन्यासाठी राखून ठेवायचं.

हा एक नियम लावला आणि निम्म्या जागा यादीतून गळाल्या. अंदमानात 'निकोबारी कॉटेज' नावाचा खोलीचा प्रकार फार लोकप्रिय आहे. निकोबारी घरांसारखी खांबांवर उभी, गवती किंवा बांबूच्या छपराची, दिसायला फार देखणी. पण वर जायला पाच-सहा पायऱ्या, त्याही लाकडी, आणि कठडा एकाच बाजूला. काही ठिकाणी पलंग माडीवर आणि न्हाणीघर खाली. तरण्या जोडप्याला उत्तम. रात्रीतून दोनदा उठणाऱ्या सत्तरीच्या बाईला नाही. म्हणून मी सगळ्यांकडे न्हाणीघराचा फोटो मागितला. समुद्राचा फोटो कोणीही पाठवतं. उंबरा किती उंच आहे, कमोडशेजारी धरायला काही आहे का, फरशी गुळगुळीत आहे का, हे ज्यानं न कुरकुरता फोटो काढून पाठवलं, त्याच्याकडे बाकीची व्यवस्थाही नीट असणार असा माझा अंदाज होता, आणि तो खरा ठरला.

आता किनाऱ्याचं. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमच्या ईशान्येला हॅवलॉक आणि नील ही दोन बेटं. त्यांची नावं ३० डिसेंबर २०१८ ला स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी झाली. बरोबर पंचाहत्तर वर्षांपूर्वी, ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. अंदमान-निकोबारला ही दोन नावं त्यांनीच सुचवलेली. बोटीच्या तिकिटावर आणि लोकांच्या तोंडी मात्र जुनी नावंही सर्रास चालतात. दोन्ही बेटांवर फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना सरकारनं जमिनी देऊन वसवलं. म्हणून तर समुद्रापासून दोनशे पावलांवर भाताची खाचरं, सुपारीच्या बागा, पुकुर म्हणजे घराशेजारचं तळं आणि तुळशीवृंदावन दिसतं. आईला पहिल्यांदा हायसं वाटलं ते समुद्र पाहून नाही, ही परसं पाहून.

स्वराज द्वीपवर किनाऱ्यांना नंबर आहेत. रिक्षावाला 'तीन नंबर' म्हणतो ते गोविंदनगर, 'पाच नंबर' म्हणजे विजयनगर, 'सात नंबर' म्हणजे राधानगर. राहायच्या बहुतेक जागा तीन आणि पाच नंबरला आहेत. हा पूर्वेचा अंग. समोर उथळ पाणी, झाडं थेट वाळूवर झुकलेली, सकाळी सूर्य तोंडावर. राधानगर पश्चिमेला, धक्क्यापासून दहा-बारा किलोमीटर लांब. तिथं राहायच्या जागा मोजक्या आणि बहुतेक महाग. २००४ साली 'टाइम' मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅग मिळाला, तेव्हापासून सगळ्यांना तिथंच राहायचं असतं.

पण या दोन अंगांमधला खरा फरक ओहोटीला कळतो. पूर्वेकडे किनाऱ्यालगत प्रवाळाचा कठीण, खडबडीत तळ आहे. भरतीला वर निळंशार पाणी असतं, फोटो तेव्हाचेच असतात. ओहोटीला तेच पाणी लांबवर सरकतं आणि मध्ये उरतात खडक, डबकी, शेवाळ, धारदार कपच्या. पोहायचं सोडाच, अनवाणी चालताही येत नाही. राधानगरला पश्चिमेची भुसभुशीत वाळू, तळ हळूहळू उतरत जाणारा. तिथं ओहोटीला पाणी मागं गेलं तरी पाण्यात शिरता येतं. मी पाच नंबरच्या एका छोट्या जागेत फोन करून मॅनेजरला थेट विचारलं, ओहोटीला पाणी किती लांब जातं? तो म्हणाला, "भाटा में तो पत्थर ही पत्थर है दीदी. आप टाइम देख के आओ." मी त्याच क्षणी तिथं खोल्या धरल्या. जो माणूस गिऱ्हाईक हातातून जाईल याची पर्वा न करता ओहोटीचं खरं सांगतो, त्याच्याकडे आईला घेऊन राहायला मला भीती वाटत नाही.

आता 'टाइम देखना' हे काम आमच्याकडे आईचं. ती वेळणेश्वरची. लहानपणी तिच्या घरात घड्याळ एकच होतं, पण समुद्राची वेळ सगळ्यांना पाठ होती. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी ना फार चढत ना फार उतरत. पाऊणपटीचं गणित कोकणच्या किनाऱ्याचं, ते अंदमानला तसंच लागू पडत नाही. प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी. पण चंद्र सगळीकडे एकच, त्यामुळे उधाण आणि भांगेचे दिवस तेच. पोर्ट ब्लेअरला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरचा असतो. उथळ किनाऱ्यावर दोन मीटर म्हणजे अख्खं मैदान उघडं पडतं.

मुलांची शाळा मार्चअखेरीस सुटते. आमच्या सुट्टीच्या सुरुवातीला चैत्र पौर्णिमा येत होती आणि शेवटाकडे वद्य अष्टमी. आईनं कॅलेंडर पुढ्यात घेतलं, बोट ठेवत ठेवत दिवस मोजले आणि म्हणाली, "आधी धाकटं बेट करा, मग थोरलं." त्याचं कारण असं. शहीद द्वीपवर लक्ष्मणपूरच्या एका टोकाला समुद्रानं कोरलेली खडकाची एक मोठी नैसर्गिक कमान आहे. तिथवर जायची वाट ओहोटीतच उघडते, आणि वाटेतल्या डबक्यांत जे काही बघायला मिळतं ते ओहोटी जितकी मोठी तितकं जास्त. म्हणजे उधाण पाहिजे. स्वराज द्वीपच्या पाच नंबरला उलट, तिथं भांग पाहिजे, म्हणजे पाणी फार मागं न जाता दिवसातला बराच वेळ हाताशी राहील. नेहमीचा ठरीव कार्यक्रम उलटा करावा लागला, बोटीची तिकिटं त्याप्रमाणे काढावी लागली. पण बेटांचा क्रम आणि त्यामुळे मुक्काम त्या कॅलेंडरवर ठरले, आणि ते चोख ठरले.

शहीद द्वीप लहान आहे. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी गावांची नावं, आणि आम्ही तिथं हनुमान जयंतीला. आईनं सकाळी मोबाइलवर मारुतीस्तोत्र लावलं तर शेजारच्या बंगाली काकूंनी न विचारता प्रसादाला केळी आणून दिली. तिथला मुक्काम मी भरतपूरजवळ घेतला होता, धक्क्यापासून चालत जाण्याइतका. सीतापूरचा सूर्योदय सुंदर आणि लक्ष्मणपूरचा सूर्यास्त सुंदर, हे सगळं खरं. पण इतक्या लहान बेटावर दोन्हीकडे रिक्षानं पटकन जाता येतं, आणि सामान, म्हातारी माणसं, उन्हानं वैतागलेलं पोर घेऊन उतरल्यावर पाच मिनिटांत पंख्याखाली बसता येणं याची किंमत फार मोठी असते.

दुपारच्या ओहोटीला आम्ही कमानीकडे गेलो. आई आणि बाबा वर झाडाखाली शहाळ्याच्या गाडीपाशी थांबले. खाली वाट सगळी निसरडी खडकांची, स्थानिक वाटाड्या पुढे. एका डबक्यापाशी त्यानं आम्हाला उकिडवं बसवलं आणि हालचाल करायची नाही म्हणून सांगितलं. पाणी परातीत मावेल इतकंच. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग तळातल्या वाळूचा एक भाग सरकला आणि तो चपटा मासा निघाला. कडेच्या भेगेतून एक जांभळट खेकडा अर्धा बाहेर आला, थांबला, परत आत गेला. काळी, लांबोडकी समुद्रकाकडी, हाही प्राणीच, एका बाजूला निवांत पडून होती, आणि माशांची निळ्या शेपटीची बोटाएवढी पिल्लं तिच्या अंगावरून इकडून तिकडे जात होती. लेकीला पाण्याखाली डोकं घालून जे बघायचं होतं ते धाकट्यानं पाण्याबाहेर बसून पाहिलं. तिथून त्याला उठवायला वाटाड्याला भरतीची भीती घालावी लागली. एक प्रवाळाचा तुकडा खिशात टाकायचा मोह झाला होता त्याला. लेकीनंच समजावलं की प्रवाळाला वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर असल्या वस्तू काढून घेतात. आम्ही सगळं जिथल्या तिथं ठेवून आलो.

स्वराज द्वीपला पोचलो तेव्हा चंद्र निम्म्याला आला होता. पाच नंबरच्या खोल्या साध्याच होत्या. पत्र्याचं छप्पर, पुढे पडवी, पडवीला पायरी एकच. पडवीतून वाळू, वाळूतून पाणी, सगळं सपाट. आई दिवसातून कितीदा तरी एकटी, कोणाचा हात न धरता पाण्यापाशी जाऊन यायची. आम्ही कुठे गेलो आहोत, कधी येणार, तिला फरक पडत नव्हता. परावलंबी माणसाला सहलीत सगळ्यांत जास्त काय हवं असतं, तर आपल्यामुळे कोणी अडकून पडलेलं नाही ही खात्री. ती त्या एका पायरीमुळे मिळाली. बाबा पाचला उठून निघायचे. अंदमान आपल्या पुण्याच्या पूर्वेला रेखांशाच्या एकोणीस अंशांवर, आणि घड्याळ मात्र तेच. त्यामुळे सूर्य सव्वा तासानं आधी उगवतो. सव्वापाचला लख्ख उजाडलेलं, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्यास्त.

ही गोष्ट मुक्काम ठरवताना फार कमी लोक लक्षात घेतात. साडेपाचला अंधारायला लागतं म्हणजे दुपारी जेवून, वामकुक्षी करून 'पाचला समुद्रावर जाऊ' हा आपला नेहमीचा बेत तिथं जमतच नाही. राधानगरला सूर्यास्त बघायचा तर पूर्वेकडून साडेतीनला निघायला हवं, आणि परतताना अंधारात रिक्षाचे भाव ऐकून घ्यायला हवेत. म्हणून ज्याचं मन सूर्यास्तात आहे, त्यानं खर्च सोसून राधानगरलाच राहावं. आमच्या घरात पहाटे उठणारे जास्त, म्हणून पूर्व. राधानगरला आम्ही एक अख्खी दुपार ठरवून गेलो. समुद्री मोहाचे ते प्रचंड बुंधे, त्यांच्या गार सावलीतून एकदम समोर उघडणारी पांढरी वाळू, आणि पाण्याच्या रंगांची ती उतरंड, हिरवट, मग फिकट निळी, मग गडद. तिथं जीवरक्षक आहेत, मगरींच्या इशाऱ्याचे फलक आहेत आणि सूर्यास्तानंतर पाण्यातून बाहेर काढतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी ही अंदमानातली खरी गोष्ट आहे, तिथल्या तिवरांच्या खाड्यांत त्या राहतात. खाडीच्या तोंडाशी असलेली जागा कितीही स्वस्त आणि कितीही एकांताची असली, तरी लहान मूल घेऊन मी ती घेणार नाही.

धाकट्याला स्विमिंग पूल हवा होता. यावर घरात बरीच चर्चा झाली. मी नाही म्हटलं, आणि अजूनही नाहीच म्हणेन. अंदमानात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात गोड्या पाण्याची ओढ असते. बेटं अरुंद, ओढे छोटे, पडलेलं पाणी लगेच समुद्रात जातं. पोर्ट ब्लेअरला एप्रिल-मेमध्ये नळाला रोज पाणी येत नाही. सकाळी बादली घेऊन विहिरीवर आलेली माणसं मी पाहिली आहेत. समोर एवढा समुद्र असताना गोड्या पाण्याचा तलाव भरून त्यात आपलं मूल सोडायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. विहिरीचं पाणी जपून वापरणारी, टॉवेल रोज न धुणारी, पावसाचं पाणी साठवणारी जागा मिळाली तर ती निवडावी. असं विचारणारं गिऱ्हाईक वाढलं तरच जागा बदलतील.

डासांचं औषध सगळेच नेतात. वाळूतल्या बारीक माश्यांचं मात्र कोणी सांगत नाही. ओल्या वाळूत लोळलं की चावतात, आणि खाज आठवडाभर जात नाही. खोबरेल तेल लावून बसायचं, आणि झोपाळा किंवा खुर्ची असलेली जागा बघायची.

शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच असावा, याबद्दल माझं दुमत नाही. परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी बेटावरून बोट पकडण्याचा बेत कोणीही करू नये. समुद्राला जाग आली की बोटी बंद होतात. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवेमुळे या दोन बेटांवर शेकडो प्रवासी अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाच्या जहाजांना जावं लागलं. तो मोसम दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास सुरू होणारा, बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा. मार्चअखेर-एप्रिल समुद्र शांत असतो, तरी आम्ही मधली रात्र हातात ठेवली.

आणि आमच्यासाठी पोर्ट ब्लेअर ही काही उरलेली रात्र नव्हती. तिथली जागा मी सगळ्यांत बारकाईनं शोधली. कॉर्बिन्स कोव्हच्या बाजूला समुद्र दिसणाऱ्या खोल्या होत्या, त्या सोडल्या. ॲबर्डीन बाजाराच्या वरच्या अंगाला, जेलपासून रिक्षानं काही मिनिटांवर, लिफ्ट असलेलं एक साधं हॉटेल घेतलं. आदल्या दिवशी बोटीतून उतरल्यावर आईला कुठेही नेलं नाही. सकाळी फाटक उघडतानाच आम्ही आत होतो.

सात चाळींपैकी आता तीनच उभ्या आहेत. मधल्या मनोऱ्यापाशी आई थांबली, सातव्या चाळीकडे बघितलं, आणि चप्पल घट्ट केली. बाबा तिच्या मागे, मी पुढे. प्रत्येक मजल्यावर ती कठड्याला टेकून उभी राहायची आणि ओळीनं असलेल्या त्या कोठड्यांकडे बघायची. वर पोचल्यावर तो लांब व्हरांडा ती कोणाचा हात न घेता चालली. कोठडीत उंचावरचा झरोका, खाली अंगणात फाशीघर. १९११ च्या जुलैत तात्याराव, म्हणजे सावरकर, इथं आले आणि त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते, पण दोघा भावांना एकमेकांची भेट किती काळ मिळाली नाही, हे तिनं नातवंडांना सांगितलं. तिचा आवाज स्वच्छ होता, आणि शेजारी उभं असलेलं तमिळ कुटुंबही ऐकत थांबलं. लेकीनं त्यांना ते इंग्रजीत सांगितलं. धाकट्यानं विचारलं, "मग ते समुद्र तरी बघू शकायचे का?" आई म्हणाली, "ऐकू यायचा."

उतरताना गुडघे बोलायला लागलेच. दहा मिनिटांत हॉटेलवर आलो, गरम पाण्याची पिशवी दिली, वरण-भात खाऊन ती आडवी झाली. संध्याकाळी तिथं ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो. तिला जमणार नाही असं आम्ही धरूनच चाललो होतो, तिकिटं काढली नव्हती. साडेचारला ती साडी नेसून दारात उभी. जेल इतकी जवळ होती की नवरा पुढे जाऊन तिकिटं काढून आला आणि रिक्षानं तिला फाटकाशी नेलं. दोन्ही नातवंडांना दोन्ही बाजूंना बसवून तिनं तो कार्यक्रम पूर्ण पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं आम्ही निघालो.